प्लास्टिकचे राष्ट्रीय करार आणि भंगाराचं दुकान: मधली कडी कुठे निसटते?

सुकाकचरा
आपल्याकडे प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत दोन गोष्टी शेजारीशेजारी चालू आहेत. एक कायदा, दुसरा करार. कायदा म्हणजे २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला त्यांना जोडलेली ईपीआरची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे जो माल विकतो त्यानंच त्याच्या वेष्टनाची शेवटपर्यंत जबाबदारी घ्यायची. करार म्हणजे ३ सप्टेंबर २०२१ ला सीआयआय ही उद्योगांची संघटना आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया ही निसर्गसंवर्धन संस्था यांनी सुरू केलेला इंडिया प्लास्टिक्स पॅक्ट, आशियातला अशा प्रकारचा पहिला. कंपन्या, वेष्टनं बनवणारे, रिसायकल करणारे आणि संस्था यांनी आपखुशीनं एकत्र येऊन २०३० साठी चार लक्ष्यं ठरवली: अनावश्यक आणि त्रासदायक वेष्टनांची यादी करून ती बदलायची, १०० टक्के वेष्टनं पुन्हा वापरण्याजोगी किंवा रिसायकल होण्याजोगी करायची, ५० टक्के प्रत्यक्षात रिसायकल करायची, आणि सगळ्या वेष्टनांत सरासरी २५ टक्के रिसायकल केलेला माल वापरायचा.

आता कायद्यातली लक्ष्यं पाहा. कडक प्लास्टिकसाठी, म्हणजे पहिल्या वर्गासाठी, २०२४-२५ मध्ये किमान ५० टक्के रिसायकलिंग, पुढे दरवर्षी दहानं वाढत २०२७-२८ ला ८०. पिशव्या-फिल्मच्या दुसऱ्या वर्गाला आणि प्लास्टिकसोबत दुसरा पदार्थ चिकटवलेल्या तिसऱ्या वर्गाला ३० पासून ६० टक्के. कायद्याची पट्टी कराराच्या पुढे गेलेली आहे. मग करार कशाला? आणि करारानं भंगाराच्या दुकानात नेमकं काय बदललं पाहिजे? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

रसायनी
चांगला प्रश्न. माझं उत्तर एका वाक्यात: कायदा वजन मोजतो, वस्तूचा घाट ठरवत नाही. तो घाट सगळ्यांनी एकत्र बसूनच ठरवावा लागतो.

पाण्याची किंवा सरबताची, पेट (पीईटी) जातीच्या प्लास्टिकची बाटली घ्या. कारखान्यात बूच आणि बाटली एकत्रच दळली जाते. बूच पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या हलक्या प्लास्टिकचं, घनता ०.९० ते ०.९६, म्हणून पाण्यावर तरंगतं. पेटची घनता १.३८, ती तळाला जाते. इथवर सोपं. पण बाटलीवर गळ्यापासून बुडापर्यंत पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं आकसून बसणारं आवरण असेल, तर पीव्हीसीची घनताही पेटच्याच आसपास. दोन्ही तळाला. पुढे १.५ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या ८०-८५ अंशांच्या पाण्यात धुतलं तरी पीव्हीसी निघत नाही. पेट वितळवायला २५०च्या वर तापमान लागतं, पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटन पावतं, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं आणि सगळ्या मालात काळे ठिपके आणि पिवळेपणा येतो. दहा लाख भागांत शंभर भाग पीव्हीसीसुद्धा बाटलीच्या दर्जाचा माल नासवायला पुरेसं आहे. आवरण पेटजी या पेटच्याच उपजातीचं असलं तर वेगळं दुखणं: ते कमी तापमानाला मऊ पडतं आणि सुकवणीच्या यंत्रात फ्लेक्सचे, म्हणजे दळलेल्या तुकड्यांचे, गोळे होतात.

उपाय कारखान्यात नाही, लेबल छापणाऱ्याकडे आहे. आवरण पाण्यावर तरंगणाऱ्या पॉलिओलेफिनचं (पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनच्या घराण्यातलं) घ्या, गोंद गरम कॉस्टिकमध्ये सुटणारा घ्या, बाटली बिनरंगी ठेवा. एका कंपनीनं एकटीनं हे केलं तर गोणीत बाकीच्यांच्या बाटल्या असतातच. त्यामुळे हा निर्णय सगळ्यांचा एकदम व्हावा लागतो.

गोणपाट
+१. वेचणाऱ्या बाईंच्या हाताला हे आवरण लगेच कळतं, ब्लेडनं फाडून काढावं लागतं. त्या वेळेचे पैसे कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

नांगरट
रसायनी, रसायनशास्त्र मान्य, निष्कर्ष नाही. ऐच्छिक करारात दंड नाही, त्यामुळे सोपी कलमं आधी होतात आणि अवघड मागे पडतात. ब्रिटनचा प्लास्टिक्स पॅक्ट एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाला. सगळे त्याचं उदाहरण देतात. पण तिथे एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल माल असलेल्या वेष्टनावर टनामागे २०० पौंडांचा कर लागला, हे सांगत नाहीत. खरेदी विभाग कराराच्या पत्रकानं हलत नाही, कराच्या आकड्यानं हलतो.

आपल्या ईपीआरमध्येही तेच. लक्ष्य चुकलं तर पर्यावरण भरपाई भरावी लागते, शिवाय जबाबदारी संपत नाही, ती तीन वर्षं पुढे ओढली जाते. पहिल्या वर्षात पूर्ण केली तर भरपाईतले ७५ टक्के परत, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ४०. ही रचना मला कुठल्याही करारापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

रसायनी
@नांगरट, कर हवाच, त्यात वाद नाही. पण ब्रिटनमधलंच दुसरं उदाहरण पाहा. तिथे दूध एचडीपीईच्या बिनरंगी बाटलीत येतं. बुचं हिरवी, निळी, लाल असत. दळताना त्यांचा रंग मालात उतरे आणि पुन्हा दुधाची बाटली करायला तो माल राखाडी पडे. दुकानसाखळ्यांनी बुचांचा रंग काढला, तेव्हा प्रश्न सुटायला लागला. वजन तेवढंच, कर तेवढाच, तरी कचऱ्याची किंमत बदलली. हे कुठल्याही टक्केवारीच्या नियमात पकडता येत नाही.

दर्यावर्दी
इंडोनेशियाचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. जागतिक आर्थिक मंचाच्या ग्लोबल प्लास्टिक ॲक्शन पार्टनरशिपमधली राष्ट्रीय भागीदारी सर्वप्रथम तिथे २०१९ मध्ये उभी राहिली, मग घाना, व्हिएतनाम वगैरे. आपल्याकडून महाराष्ट्र राज्य म्हणून त्यात आहे.

इंडोनेशियानं आधी देशाचा हिशेब मांडला: वर्षाला सुमारे ६८ लाख टन प्लास्टिक कचरा, त्यातला ६ लाख टनांच्या वर नद्या-समुद्रात. मग एप्रिल २०२० च्या आराखड्यात पाच कामं नेमली: वापर कमी करणं, वेष्टन बदलणं, गोळा करण्याचं प्रमाण ३९ वरून ८० टक्क्यांवर नेणं, रिसायकलिंगची क्षमता दुप्पट करणं आणि उरलेल्याची सुरक्षित विल्हेवाट. सरकारनं २०२५ पर्यंत समुद्रात जाणारं प्लास्टिक ७० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं होतं.

यातलं तिसरं काम सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. गोळाच झालं नाही तर वेष्टन कितीही रिसायकल होण्याजोगं असो, ते नाल्यातच जाणार. कंपन्यांना दुसऱ्या कामावर बोलायला आवडतं, नगरपालिकांना पाचव्यावर. तिसरं दोघांच्या मध्ये पडतं. भागीदारीचा खरा उपयोग झाला तर तिथे होईल.

सुकाकचरा
@दर्यावर्दी, आकडे आधी मांडले हा मुद्दा फार महत्त्वाचा. आपल्याकडे तिथेच घोळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ४१.२६ लाख टन प्लास्टिक कचरा तयार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये लीड्स विद्यापीठाचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला, त्यात भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर जातं असा अंदाज आहे: ५८ लाख टन जळतं, ३५ लाख टन पसरतं. तयार होणाऱ्यापेक्षा सुटणारं दुपटीहून जास्त कसं?

मोजपट्टी
दोन्हींची व्याप्ती वेगळी. मंडळाचा आकडा नगरपालिकांनी राज्य मंडळांना कळवलेल्या मालाची बेरीज आहे. जिथे घंटागाडी जात नाही, तिथला कचरा कळवलाच जात नाही. ग्रामीण भाग, परसातली चूल, बांधावरची जाळपोळ यात धरलेली नसते. लीड्सच्या गणितात नेमकं हे न उचललेलं प्लास्टिक धरलंय, पण ते गणिती प्रतिमान आहे, प्रत्यक्ष वजनकाटा नाही. म्हणून दोन्ही आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. मात्र ५८ लाख टन जळतं हा अंदाज निम्मा धरला तरी कंपन्या जिथे नोंदी भरतात त्या ईपीआरच्या पोर्टलवर त्याचा मागमूस नाही, हे खरं.

पोर्टलवर कंपनीची जबाबदारी कशी निघते तेही सांगतो, कारण बरेच जण चुकतात. अ म्हणजे मागच्या दोन आर्थिक वर्षांत विकलेल्या वेष्टनाची सरासरी, ब म्हणजे त्याच काळात विक्रीआधीच निघालेल्या वेष्टन-कचऱ्याची सरासरी, क म्हणजे ज्यांना माल पुरवला आणि ज्यांची स्वतःची नोंदणी आहे त्यांच्याकडे गेलेलं वजन. जबाबदारी = अ + ब − क. क मध्ये ज्याचं नाव घातलं त्यानं आपल्या अ मध्ये ते वजन दाखवलं नाही, तर तेवढं प्लास्टिक कागदावरून नाहीसं होतं.

पन्हाळी
वजनाचा विषय निघालाच आहे तर दुधाची पिशवी घ्या. पॅक्ट आणि कायदा दोघांची परीक्षा तिथे होते.

अर्ध्या लिटरची पिशवी साधारण ५५ मायक्रॉन जाड, एलडीपीई आणि एलएलडीपीई या पॉलिथिनच्या दोन जातींची, वजन जवळपास ३ ग्रॅम. किलोला ३३० पिशव्या. रोज एक लाख पिशव्या भरणाऱ्या डेअरीचं वर्षाचं प्लास्टिक ११० टनांच्या आत-बाहेर. रेझिन, म्हणजे मूळ प्लास्टिक, एकाच घराण्याचं, त्यामुळे रिसायकलला उत्तम. घरी एवढंच करायचं: दोन-तीन चमचे पाणी घालून हलवायचं, ओतायचं, उलटी टांगून वाळवायची. तसंच फेकलं तर दुधाची चरबी आंबते. असा माल वितळवताना त्यात वाफ आणि वायू अडकतात, आणि फुग्यासारखी फिल्म ओढताना तिला भोकं पडतात. धुतलेल्या पिशव्यांपासूनही पारदर्शक दाणा, म्हणजे रिसायकल केलेला कच्चा माल, निघत नाही, छपाईच्या शाईनं तो राखाडी-हिरवट होतो. तो काळ्या पाइपात आणि कचऱ्याच्या पिशव्यांत खपतो.

आता कोपरा. आपण कात्रीनं दीड सेंटिमीटरचा त्रिकोण उडवतो. त्याचं वजन एका ग्रॅमचा शंभरावा भाग. लाख पिशव्यांचे लाख कोपरे मिळून किलोभर. ३०० किलोच्या रोजच्या हिशेबात तो किलो कुणाला दिसणार? पण वस्तू म्हणून मोजलं तर रोज एक लाख तुकडे, जे हाताला लागत नाहीत, चाळणीतून पडतात, मोरीतून जातात. युरोपीय संघानं ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या बाटल्यांचं बूच बाटलीला जोडलेलंच राहील असा नियम केला तो याच कारणासाठी. आपल्या पिशवीला अर्धवट काप किंवा फाडायची खूण असलेला कोपरा पॅक्टच्या यादीत यायला हवा. घरी मात्र आजपासून जमतं: कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चिरून लोंबता ठेवायचा.

निशिगंध
कोपऱ्याचा हिशेब वाचून कात्री खाली ठेवली. घरातल्या सगळ्यांना हा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवणार!

नांगरट
@पन्हाळी, फार छान. पण मग महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची तरतूद होती, तिचं काय? तुमच्याच गणितानं किलोला १६५ रुपये होतात.

पन्हाळी
तिथेच अडचण आहे. १६५ रुपये किलो हा भाव भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी जास्त. परतीची रक्कम वस्तूच्या भंगारमूल्यापेक्षा मोठी झाली की खोटा माल आत येतो: भरताना निघालेली कातरण, न विकलेले छापील रोल, दुसऱ्या राज्यातल्या पिशव्या. म्हणून प्रत्येक नगाला वेगळी ओळख लागते आणि ती एकदाच वटवली जाईल अशी नोंद लागते. बाटलीला हे जमतं. उत्तराखंडात चारधामच्या वाटेवर क्यूआर चिकटवून १० रुपये ठेव घेतात. निलगिरीत सरकारी दारू दुकानांच्या बाटल्यांवर १० रुपये आहेत. गोव्यानंही २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. तीन ग्रॅमच्या, चुरगळलेल्या, ओल्या पिशवीवरचा क्यूआर यंत्राला वाचता येत नाही. तिथे नगापेक्षा किलोवर, धुतलेल्या मालाला जास्त भाव हाच मार्ग.

कुंडीतली_तुळस
अवांतर: कंपोस्टेबल पिशव्या वापरल्या तर हे सगळं टळेल का? दुकानात ‘पर्यावरणपूरक’ म्हणून देतात.

रसायनी
नाही टळत. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएसओ १७०८८ या मानकाची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, जास्तीत जास्त १८० दिवस चालते. बाल्कनीतल्या कुंडीत ते तापमान टिकत नाही, पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. उलट ती पॉलिथिनच्या गोणीत मिसळली तर दाण्यात गाठी येतात आणि फिल्म फाटते. घ्यायचीच तर मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव छापलेली घ्या, आणि ती ओल्या कचऱ्यासोबत मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार असेल तरच. किराण्याला कापडी पिशवी, मासळीला डबा.

दर्यावर्दी
आणि जाड पिशवी म्हणजे चांगली पिशवी असंही नाही. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट आहे. हेतू हा की जाड पिशवी भंगारवाला उचलतो. पण एकदाच वापरून टाकली तर ५० मायक्रॉनच्या पिशवीच्या दुपटीहून जास्त प्लास्टिक कचऱ्यात गेलं.

मोजपट्टी
शब्दांचं एक सांगतो. मराठीत आपण रिसायकलिंगलाही पुनर्वापर म्हणतो, नियमांत दोन्ही वेगळे आहेत. पुन्हा वापरणं म्हणजे तीच वस्तू धुऊन परत भरणं. कडक वेष्टनांना त्याचंही लक्ष्य आहे: ०.९ ते ४.९ लिटरच्या डब्या-बाटल्यांना २०२५-२६ मध्ये १० टक्के, ४.९ लिटरच्या वरच्यांना ७० टक्के. वीस लिटरचा पाण्याचा जार हे जमलेलं उदाहरण, कारण तोच टेंपो भरलेला जार आणतो आणि रिकामा नेतो. परतीची गाडी रिकामी जाणार नसेल तिथेच हे चालतं. चक्राकार अर्थव्यवस्था हा भारदस्त शब्द या टेंपोइतका सोपा आहे.

गोणपाट
तिसऱ्या वर्गावर, म्हणजे थर चिकटवलेल्या पुड्यांवर, कुणीच बोललं नाही. १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, ७-९ मायक्रॉन ॲल्युमिनियम, ४०-५० मायक्रॉन पॉलिथिन असा थर. हे सुटं करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हातही लावत नाही. गोव्यात साळगावसारख्या प्रकल्पातून असा उरलेला माल दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांकडे जातो. भट्टीत १४०० अंशांच्या वर तापमान असतं, ठीक जळतं, पण क्लोरीन आलेलं चालत नाही. पीव्हीसी मिसळलं तर प्रीहीटरमध्ये, म्हणजे भट्टीआधी माल तापवणाऱ्या भागात, क्षार साठून थर बसतात आणि भट्टी थांबवावी लागते. म्हणजे परत निवडणारा माणूस लागतोच.

कुंडीतली_तुळस
आणि रस्त्यात घालतात ते?

गोणपाट
मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांची कोरडी पद्धत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) २०१३ च्या एसपी ९८ या मार्गदर्शिकेत ती आहे. खडी १६०-१७० अंशांना तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा, तो वितळून खडीला लेप बसला की डांबर घालायचं. चुरा डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. पीव्हीसी अजिबात नाही. पावणेचार मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला टनाच्या आसपास प्लास्टिक जातं. पण लक्षात ठेवा, रस्ता आणि भट्टी दोन्ही नियमांत अंतिम विल्हेवाट धरली जाते, रिसायकलिंग नाही. वर सुकाकचरा यांनी दिलेल्या ३० ते ६० टक्क्यांत ती चालत नाही.

नांगरट
पण रिसायकलरकडून विकत घेतलेलं रिसायकलिंगचं प्रमाणपत्र तर चालतं ना! २०२३ मध्ये मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार कारखान्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं समोर आलं. याचा मला खरोखर संताप आहे, कारण प्रामाणिकपणे माल धुणाऱ्या छोट्या कारखान्याचा भाव त्यानं पडतो.

मोजपट्टी
पकडायची सोपी रीत आहे: विजेचं बिल. धुऊन दाणा काढायला किलोमागे अर्धा ते एक युनिट लागतं. वर्षाला १,००० टन दाखवले तर पाच ते दहा लाख युनिटं दिसली पाहिजेत. दुसरी खूण घट. वापरलेल्या फिल्मच्या गोणीत माती, पाणी, कागद, चिकटपट्टी असते, १०० किलोतून ९८ किलो दाणा निघत नाही. ज्याच्या नोंदीत घट नाही, त्यानं माल धुतलेला नाही. १ जुलै २०२५ पासून वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोडनं माहिती द्यायची सोय झाली, पण ती बनवणाऱ्याची ओळख, कचऱ्याची नव्हे.

सुकाकचरा
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. भंगाराच्या दुकानात करारानं काय बदलावं?

गोणपाट
पैसे. ईपीआरचं प्रमाणपत्र रिसायकलरच्या नावे निघतं. त्याची किंमत वेचणाऱ्यापर्यंत पोचवायची कुठलीच सक्ती नाही. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरटी शुल्क आणि सुक्या मालाची विक्री अशी तिथे दोन उत्पन्नं आहेत. केरळात हरित कर्म सेनेच्या महिला धुतलेलं, वाळलेलं प्लास्टिक दारातून घेतात आणि घराकडून महिन्याचं शुल्क घेतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान: भंगारमूल्य शून्य असलेली पन्नीसुद्धा उचलली जाते, कारण उचलण्याचे वेगळे पैसे आहेत. पॅक्टमधल्या कंपन्यांनी तिसऱ्या वर्गाच्या मालाला किलोमागे उचलण्याचा दर आगाऊ जाहीर करावा, वर्षभर तोच ठेवावा, आणि तो वेचकांच्या संस्थेला थेट द्यावा. एकटी कंपनी असा दर देत नाही, कारण गोणीतल्या निम्म्या पुड्या दुसऱ्यांच्या असतात. बाटलीच्या आवरणाला रसायनी यांनी जे सांगितलं तेच इथे लागू.

रसायनी
गोणपाट यांना पूर्ण पाठिंबा. माझ्याकडून घाटाची कलमं: आवरणात पीव्हीसी नाही, पेट बाटली बिनरंगी, फिल्म एकाच घराण्याच्या रेझिनची, गोंद गरम पाण्यात सुटणारा. २०२२ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं रिसायकल केलेलं पेट अन्नाच्या वेष्टनाला स्वीकारायची मार्गदर्शक तत्त्वं काढल्यावर बाटलीतून पुन्हा बाटली शक्य झाली आहे. पण निकष गाठायला कच्चा माल स्वच्छ हवा.

नांगरट
मी थोडा सरकलो. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक प्लास्टिक कराराची बोलणी निर्णयाविना संपली, त्यामुळे वरून काही येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. करार असू दे, पण गोणपाट यांचा दर आणि रसायनी यांची कलमं वर्षासह छापून येऊ देत, आणि दोन वर्षांनी तीच कलमं नियमात. दंड त्याशिवाय लागत नाही.

पन्हाळी
आणि डेअऱ्यांसाठी एक दुरुस्ती. दुसऱ्या वर्गात २०२५-२६ पासून १० टक्के रिसायकल माल वापरायचा आहे, पण दुधाला स्पर्श करणाऱ्या फिल्ममध्ये तो घालता येत नसेल तर मंडळाकडून सूट मागावी लागते आणि तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं जास्त वापरणाऱ्याकडून विकत घ्यावी लागतात. तो पैसा बाहेर देण्याऐवजी क्रेट झाकायच्या आणि पॅलेट गुंडाळायच्या फिल्ममध्ये जास्त टक्के वापरा. ती दुधाला स्पर्श करत नाही, आणि दुसऱ्या वर्गातच मोडते.

निशिगंध
एक घरगुती शंका: लोंबता कोपरा धुताना तुटतोच. मग?

पन्हाळी
काप आडवा नको, तिरका द्या आणि कडेच्या सांध्याआधी बोटभर थांबा. सांधा दुहेरी जाडीचा असतो, तिथे तो धरून राहतो. तरी तुटलाच तर पिशवीच्या आत टाका आणि मग वाळवा.